२०२४१११ म्हणजे ११ जानेवारी की १ नोव्हेंबर? शून्य गळालेल्या तारखांचा बंदोबस्त

लक्षण असं असतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी तक्रार करतं की काल-परवाच्या पावत्या अहवालात दिसत नाहीत. शोधाशोध केल्यावर त्या सापडतात, पण नोव्हेंबरात, म्हणजे अजून न उजाडलेल्या महिन्यात. कुणीतरी डेटाबेसमध्ये हाताने तारखा दुरुस्त करून वेळ मारून नेतं. महिन्याच्या शेवटी पुन्हा तेच, या वेळी पावत्या डिसेंबरात. फेब्रुवारी लागला की सगळं आपोआप सुरळीत. मग 'पुन्हा घडवता येत नाही' असा शेरा मारून तक्रारीचं तिकीट बंद होतं आणि पुढच्या जानेवारीत नव्या नंबराने परत उघडतं.

हे ओळखीचं वाटत असेल, तर तुमच्या सिस्टिममध्ये वर्ष, महिना आणि दिवस मध्ये काहीही न घालता चिकटवलेली, शून्य न भरलेली तारीख फिरते आहे. २०२४०१११ लिहायच्या जागी कुणीतरी २०२४१११ लिहितंय.

गोंधळ नेमका किती तारखांचा?

पहिले चार आकडे वर्षाचे. उरले १११. महिना एक आकडी धरला तर ११ जानेवारी, दोन आकडी धरला तर १ नोव्हेंबर. दोन्ही तारखा कॅलेंडरात आहेत, त्यामुळे कोणताही पार्सर, म्हणजे मजकुरातून तारीख वाचणारं कोड, तक्रार करत नाही.

पण सगळं वर्ष असं संशयास्पद नसतं. ११० घ्या: नोव्हेंबरची शून्य तारीख नसते, म्हणून ती १० जानेवारीच. १३१ मध्ये तेरावा महिना नसतो, म्हणून ३१ जानेवारीच. १०१ ही १ ऑक्टोबरच, कारण शून्य न भरणारा माणूस १ जानेवारी ही नुसती ११ अशी लिहील. असं एकेक करून तपासलं की खरोखर दुहेरी अर्थाचे तुकडे फक्त १८ उरतात: १११ ते ११९ आणि १२१ ते १२९. म्हणजे ११ ते १९ जानेवारीची गाठ १ ते ९ नोव्हेंबरशी, आणि २१ ते २९ जानेवारीची गाठ १ ते ९ डिसेंबरशी. वर्षातल्या ३६ तारखा गोत्यात, बाकीच्या निर्धास्त.

बहुतेक पार्सर हावरट असतात, महिन्यासाठी आधी दोन आकडे घ्यायला बघतात. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर बरोबर वाचले जातात आणि मार जानेवारीला बसतो. २०२४ साली तर ११ जानेवारीच्या पावत्या १ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जाऊन बसत होत्या. फेब्रुवारीत काही सापडत नाही त्याचं कारण हेच. तुमच्या कोडमध्ये उलटी तऱ्हा असेल, म्हणजे महिना आधी एक आकडी धरला जात असेल, तर जानेवारी ठीक राहतो आणि तक्रारी नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या नऊ दिवसांत येतात.

आपल्याकडे दिवस आधी लिहायची पद्धत आहे. तिथे हिशेब बराच सौम्य आहे. दिवस-महिना-वर्ष अशा क्रमात, शून्याशिवाय जोडलेल्या तारखांत दुहेरी तुकडे फक्त पाच: १११, २११, ३११, ११२ आणि २१२. उदाहरणार्थ २११२०२४ ही २ नोव्हेंबर किंवा २१ जानेवारी. ३१२ हा सहावा होऊ शकला असता, पण ३१ फेब्रुवारी नसते, म्हणून ती ३ डिसेंबर. वर्ष आधी की दिवस आधी, हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच करू नका.

पार्सरला हात लावण्याआधी: शून्य कुठे गळालं?

इथे बहुतेक जण घाई करतात. फॉरमॅट स्ट्रिंग, म्हणजे तारखेचा साचा, बदलून बघतात, दुसरी लायब्ररी लावून बघतात. खरं तर सात आकडी तारीख दोन अगदी वेगळ्या आजारांतून येते आणि त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत.

पहिला आजार: मूळ फाइलमध्ये ०१११२०२४ असं व्यवस्थित आठ आकडी होतं, पण वाटेत कुणीतरी त्याला संख्या समजलं. सीएसव्हीवर, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर फाइलवर, डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली, की झालं. पायथनच्या पांडाज लायब्ररीतल्या रीड-सीएसव्हीने कॉलम आपणहून इंटिजर, म्हणजे पूर्णांक, केला, किंवा डेटाबेसमधला कॉलमच इंटिजर आहे, तरी तेच. संख्येच्या सुरुवातीचं शून्य उडतं, मधलं कधीच उडत नाही. म्हणजे महिन्याचं शून्य शाबूत आहे.

दुसरा आजार: पाठवणाऱ्याने तुकडे जोडले आहेत. एक्सेलमध्ये ईयर, मंथ आणि डे ही तीन फंक्शन्स अँपरसँडने एकमेकांना चिकटवलेला फॉर्म्युला हा याचा सगळ्यात मोठा कारखाना. जावास्क्रिप्टमध्ये गेट-मंथ अधिक एक करून स्ट्रिंगला जोडणं हा दुसरा. इथे दिवसाचं आणि महिन्याचं, दोन्ही शून्यं मुळातच कधी नव्हती.

ओळखायचं कसं? कॉलममधल्या मजकुराची लांबी मोजा आणि लांबीवार गट करा. दिवस आधी असलेल्या फाइलमध्ये फक्त सात आणि आठ लांबीच्या नोंदी दिसल्या तर पहिल्या आजाराची शक्यता मोठी. सहा लांबीची एक जरी नोंद निघाली, जसं ५३२०२४, तर तारखा जोडलेल्या आहेत. खात्रीसाठी दोन आकडी दिवस आणि एक आकडी महिना असलेली नोंद शोधा. १५ जूनची १५०६२०२४ अशी असेल तर महिन्याला शून्य भरलं जातंय. १५६२०२४ असेल तर नाही. आणि वर्ष आधी असलेल्या कॉलममध्ये सात आकडे दिसले तर विचार करायचीच गरज नाही. २ ने सुरू होणाऱ्या संख्येतून एक्सेलला उडवायला पहिलं शून्य मिळतच नाही, त्यामुळे तिथे दुसराच आजार.

पहिला आजार: पूर्ण बरा होतो

डावीकडून शून्य भरून आठ आकडे करा. बस. पायथनमध्ये झेडफिल आठ, एक्सेलमध्ये टेक्स्ट फंक्शनला आठ शून्यांचा फॉरमॅट, एसक्यूएलमध्ये एल-पॅड. १११२०२४ चं ०१११२०२४ होतं, ती १ नोव्हेंबर असते आणि तिच्याबद्दल कसलाही वाद उरत नाही.

हे न करता सात आकडी स्ट्रिंग तशीच पायथनच्या स्ट्रपटाइमला, म्हणजे तारीख वाचणाऱ्या फंक्शनला, दिली तर काय होतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. पर्सेंट-डी (दिवस) आणि पर्सेंट-एम (महिना) वाचताना पुढचं शून्य ऐच्छिक आहे, असं पायथनच्या दस्तावेजात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण फॉरमॅट दिलाय म्हणजे लांबीही तपासली जात असेल असं आपण गृहीत धरतो. आता १ जानेवारी २०२४ घ्या. शून्य उडून ती १०१२०२४ झाली. स्ट्रपटाइम दिवसासाठी आधी दोन आकडे घेतं: १०. मग महिन्यासाठी १२ घेऊन बघतं, पण वर्षाला तीनच आकडे उरतात, म्हणून एक पाऊल मागे येऊन महिना १ धरतं आणि वर्ष २०२४. उत्तर: १० जानेवारी. ना एरर, ना वॉर्निंग.

हीच गत २ आणि ३ तारखेची. २ जानेवारीची २० होते, ३ मार्चची ३० मार्च. नोव्हेंबरात आणखी मजा: १, २ आणि ३ नोव्हेंबर अनुक्रमे ११, २१ आणि ३१ जानेवारीला जातात. १ आणि २ डिसेंबर या ११ आणि २१ फेब्रुवारी होतात. ऑक्टोबर तेवढा सुटतो, कारण त्याच्या १० मधलं शून्य पार्सरला आपली चाल बदलायला लावतं. आणि महिन्याच्या ४ तारखेपासून पुढे सगळं बरोबर, कारण चाळिसाव्या तारखेची शक्यताच नाही.

याचा व्यवहारातला अर्थ काय होतो? कर्जाचे हप्ते बऱ्याच ठिकाणी १ तारखेला असतात. १ तारखेला वेळेत भरलेला हप्ता सिस्टिममध्ये १० तारखेला पडला की दंडव्याज लागतं, आणि खातेदार पावती घेऊन काउंटरवर उभा राहतो. 'महिन्याच्या सुरुवातीच्या नोंदी १०, २० आणि ३० ला सरकतात' अशी तक्रार कानावर आली की बाकी काही न बघता मी आधी फाइल एक्सेलमधून गेली होती का ते विचारतो.

दोन तारखा मात्र तुमच्या बाजूने आहेत. ३ फेब्रुवारीची ३० फेब्रुवारी होते आणि ३ डिसेंबरची ३१ फेब्रुवारी, म्हणून त्या ओळींवर पायथन एरर देतं. ही एरर ट्राय-एक्सेप्टमध्ये (पायथनची एरर झेलायची सोय) गिळून 'खराब ओळ' म्हणून सोडून देणारं कोड मी भरपूर पाहिलंय. ती ओळ खराब नसते, उलट त्या फाइलमध्ये खरं बोलणारी तेवढी एकच असते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: कॉलम मजकूर म्हणूनच वाचा, पांडाजमध्ये डीटाइप स्ट्रिंग देऊन. लांबी सात असेल तर शून्य भरा, आठ असेल तर तशीच ठेवा, बाकी काहीही असेल तर फाइल परत. आठ आकडी स्ट्रिंगला दोन-दोन-चार अशी एकच वाटणी शक्य आहे, त्यामुळे त्यानंतर हेच स्ट्रपटाइम बिनचूक चालतं.

आठ आकडी शिस्त सामान्य माणसालाही ठाऊक असते, नाइलाजाने का होईना. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाची पीडीएफ उघडायला पॅन लहान अक्षरांत आणि त्याला लागून आठ आकडी जन्मतारीख द्यावी लागते. ५ मार्च १९९० ला जन्मलेल्याने ५३१९९० लिहिलं तर ती उघडत नाही. सॉफ्टवेअरने असंच आडमुठं असावं.

दुसरा आजार: अर्धाच बरा होतो

इथे शून्य भरून चालत नाही, कारण ते नेमकं कुठे भरायचं हेच माहीत नाही. तुमच्या भाषेतल्या तयार पार्सरवर सोडू नका. छोटं फंक्शन लिहा जे शक्य ती सगळी वाचनं काढेल: महिना एक आकडी धरून एकदा, दोन आकडी धरून एकदा. ज्या वाटणीत महिना किंवा दिवस शून्याने सुरू होतो ती फेका, कॅलेंडरात नसलेली तारीख फेका. एकच वाचन उरलं तर ते घ्या. दोन उरली तर ती ओळ संशयितांच्या वेगळ्या तक्त्यात टाका, दोन्ही तारखांसकट. अंदाजाने एक निवडू नका. 'जास्त शक्यता' वगैरे हिशेबाच्या वहीत चालत नाही.

संशयित ओळी सोडवायला आजूबाजूचे पुरावे लागतात. फाइल कधी आली हा पहिला. जानेवारीच्या मध्यावर आलेल्या फाइलमध्ये त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची पावती असू शकत नाही. मुदतपूर्तीची किंवा पुढच्या हप्त्याची तारीख असेल तर हा पुरावा बाद, कारण ती भविष्यातलीच असते. दुसरा पुरावा पावती क्रमांकाचा, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा: आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांच्या तारखा निःसंशय असतील तर मधली आपोआप ठरते.

वाराचा पुरावा मात्र जपून. 'रविवारी कार्यालय बंद असतं, म्हणून रविवारी येणारं वाचन चूक' असा तर्क सुचतो आणि बरोबर वाटतो. पण ११ जानेवारी आणि १ नोव्हेंबर यांच्यात साध्या वर्षी बरोबर २९४ दिवस असतात, म्हणजे ४२ आठवडे. वार तोच! २०२५ मध्ये दोन्ही शनिवारी आल्या. लीप वर्षात ही जोडी एका दिवसाने सुटते, पण मग डिसेंबरची जोडी जुळते: २१ जानेवारी आणि १ डिसेंबर यांच्यात ३१५ दिवस, म्हणजे ४५ आठवडे. २०२४ मध्ये दोन्ही रविवारी होत्या. १८ जोड्यांपैकी निम्म्यांना वार दरवर्षी निरुपयोगी ठरतो, फक्त ते निम्मे आलटून पालटून बदलतात.

एवढं करूनही काही ओळी उरतील. त्यासाठी पाठवणाऱ्याकडे मूळ नोंद मागण्याला पर्याय नाही.

इतर ठिकाणची परिस्थिती

जावाचा जुना सिंपलडेटफॉरमॅट सगळ्यात धोकादायक. वर्षाला चार, महिन्याला दोन, दिवसाला दोन अक्षरं असा फॉरमॅट देऊनही तो २०२४१११ मुकाट्याने १ नोव्हेंबर वाचतो. वर मुळातच उदार असल्यामुळे १० जानेवारीची २०२४११० ही स्ट्रिंग नोव्हेंबरची शून्य तारीख, म्हणजे ३१ ऑक्टोबर धरतो. १५ फेब्रुवारीची २०२४२१५ ही एकविसावा महिना समजून ५ सप्टेंबर २०२५ ला नेऊन ठेवतो. सेट-लेनियंट फॉल्स केलं, म्हणजे हा उदारपणा बंद केला, की ही टोकाची उदाहरणं एरर देतात, पण २०२४१११ तरीही १ नोव्हेंबरच राहते. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ साली आलेला डेटटाइमफॉरमॅटर याच फॉरमॅटवर सात आकडी तारीख सरळ नाकारतो. स्थलांतर करायला एवढं एक कारण पुरे.

डॉटनेटमध्ये पार्स-एक्झॅक्टच्या दस्तावेजातच सल्ला आहे: विभाजक (मधली डॅशसारखी खूण) नसलेल्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक घटकाचं रुंद रूप (एकाऐवजी दोन अक्षरं) आणि इन्व्हेरियंट कल्चर (कुठल्याही देशाच्या पद्धतीवर न अवलंबणारी मांडणी) वापरा. पीएचपीच्या क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅटमध्ये शून्यासह आणि शून्याशिवाय अशी दोन वेगळी अक्षरं दिसतात, पण वाचताना दोन्ही सारखीच सैल. सी भाषेतल्या स्ट्रपटाइमलाही पुढचं शून्य सक्तीचं नाही.

मायएसक्यूएलचा एक खड्डा वेगळा सांगायला हवा. विभाजक नसलेली सहा आकडी स्ट्रिंग ते दोन आकडी वर्ष धरून वाचतं. जुन्या नोंदींत १ जानेवारी २०११ ही २०११११ अशी जोडलेली असेल तर तिची ११ नोव्हेंबर २०२० होते, आणि १ जानेवारी २०१२ ची ११ डिसेंबर २०२०. दोन्ही वैध तारखा, म्हणून चुपचाप आत. जुना डेटा नव्या सर्व्हरवर नेताना २०२० च्या शेवटी विनाकारण गर्दी दिसली तर इथे बघा.

मध्ये डॅश असला तर?

२०२४-१-११ मध्ये वरचा गोंधळ नाही, तुकडे वेगळे आहेत. पण शून्य नसल्याचा त्रास दुसऱ्या वाटेने येतो. मजकूर म्हणून क्रम लावला तर २०२४-१०-५ ही २०२४-२-५ च्या आधी येते, आणि तारखांच्या दरम्यानच्या नोंदी मागणाऱ्या क्वेरी गुपचूप ओळी गाळतात. एसक्यूलाइटच्या तारीख फंक्शनला २०२४-१-११ दिली तर ते नल, म्हणजे रिकामं उत्तर, परत करतं.

जावास्क्रिप्टमध्ये तर एका शून्याने टाइमझोन बदलतो. २०२४-०१-११ हा प्रमाण फॉरमॅट आहे म्हणून ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते, म्हणजे आपल्या घड्याळात ११ तारखेचे पहाटेचे साडेपाच. २०२४-१-११ प्रमाणात बसत नाही, मग क्रोम ती स्थानिक वेळ धरतो: ११ तारखेची मध्यरात्र, जी यूटीसीत १० तारखेचे संध्याकाळचे साडेसहा. टू-आयएसओ-स्ट्रिंग करून सर्व्हरला पाठवली की तारीख एक दिवस मागे. भारतात बसून 'तारीख एक दिवस कमी दिसते' असं शोधत असाल तर आधी ते शून्य बघा.

उगमाशी दुरुस्ती

पाठवणाऱ्याला एकच ओळ लिहून द्या: तारीख मजकूर म्हणून, चार आकडी वर्ष, दोन आकडी महिना, दोन आकडी दिवस, मध्ये डॅश. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकापासून हेच प्रमाण आहे आणि २००२ च्या आरएफसी ३३३९ या इंटरनेटच्या मानकातही महिना-दिवसाला दोनच आकडे आहेत. एक्सेलवाल्यांना तीन फंक्शन्स जोडायच्या ऐवजी टेक्स्ट फंक्शन द्या, जावास्क्रिप्टवाल्यांना डावीकडून शून्य भरणारं पॅडस्टार्ट. सीएसव्ही एक्सेलमध्ये बघायचीच असेल तर डेटा मेनूतून इंपोर्ट करून तो कॉलम टेक्स्ट ठेवायचा, आणि बघून झाल्यावर सेव्ह करायचं नाही.

तुमच्या बाजूने, पार्स करण्याआधी लांबीची तपासणी घाला आणि टेस्टमध्ये या तारखा कायमच्या ठेवा: १ जानेवारी, ११ जानेवारी, २१ जानेवारी, ३ फेब्रुवारी, १ नोव्हेंबर, १ डिसेंबर. प्रत्येक तारीख आठ आकडी रूपात बरोबर वाचली गेली पाहिजे आणि शून्याशिवायच्या रूपात एररच आली पाहिजे. एरर येत नसेल तर तपासणी बसलेली नाही, मग महिना कोणताही चालू असो.